जुनं सात टक्के

शीवच्या सबस्टेशनातला तीन नंबरचा ट्रान्सफॉर्मर
शुक्रवारी रात्री गप्प केला.
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

खालचा व्हॉल्व्ह सोडला
तर काढ्यासारखं काळं तेल.
हडकरकाकांनी बाटली दिव्यासमोर धरली :
"नवं होतं तेव्हा यातून पेपर वाचता यायचा."

आता सोयाबीनचं. टँकरभर.
"भजी तळू या का?" फिरोज म्हणाला,
पण पाइप त्यानेच पोटाशी धरून ठेवला रात्रभर.
दाट असतं हे. ऊन करून, हवा ओढून घेऊन
सावकाश चढवायचं,
आजाऱ्याला पेज भरवतात तसं.

सहजी पेट घेत नाही.
सांडलंच, तर माती पचवते.
पण आतला कागद तोच,
तांब्याला गुंडाळलेला, ठिसूळ.
तो काही पुन्हा तरुण होत नाही;
नवं तेल फक्त त्याच्यातली ओल
आपल्याकडे ओढून घेतं.

आणि कितीही निथळा,
जुनं सात टक्के आतच राहतं.
रजिस्टरात मी तसंच लिहिलं.

चौथ्या पहाटे भार दिला.
तोच घोगरा सूर.
कुंपणापलीकडे कुणाचा तरी मिक्सर
फिरला, थांबला, परत फिरला.
काका जाळीशी उभेच,
चहा हातात निवत.