बेकु

वडगावात आमचा माग बंद पडला त्याला वर्ष झालं.
खटखट थांबली तशी गल्लीतल्या कुत्र्याची झोप गेली,
दादांची नाही.
दादा खुर्चीत. समोर भिंत.
हाक मारली तर हूं म्हणतात,
पाणी दिलं तर पितात.
मागत नाहीत.

समोरचा भरमाण्णा म्हणतो, म्हातारा आळसावला.
नागव्वा आत्या म्हणते, मन लावायला पायजे गे.
लावायचं कशानं, आत्या?
मन लावायलाही
आधी थोडं मनच लागतं.

नेहरूनगरच्या दवाखान्यात हिरेमठ डॉक्टरीण
दादांच्या डोळ्यांत बॅटरी मारून विचारते,
एन बेकु, अज्जा?
चाळीस वर्षं साड्या विकताना
मराठीत हसले आणि कानडीत घासाघीस केली,
तो माणूस भिंतीकडे बघून म्हणतो,
ब्याड.
काही नको.

मग ती गोळ्यांच्या चिठ्ठीमागे मेंदू काढते,
वांग्यासारखा,
आणि देठाजवळ पेनाने दोन काळे डाग.
इथल्या पेशींना रंग असतो, म्हणते, जन्माचा काळा.
तो उडत चाललाय.
दादा पहिल्यांदा पुढे वाकले.
म्हणाले, कच्चा होता काय?

ती हसली नाही. म्हणाली,
पक्काच होता, अज्जा, पण झिजला.
त्या काळ्यातून एक रस झिरपतो, डोपामिन.
लोक त्याला सुख समजतात.
सुखाचं घर निराळं.
हा नुसता उठवतो, चपला घालायला लावतो,
दारापर्यंत नेऊन सोडतो.

परत येताना मी मांडे घेतले.
फळीवर ठेवले, दादांना दिसतील असे.
सोमवार. मंगळवार. बुधवार.
मुंग्यांना कळलं, दादांना नाही.
गुरुवारी मीच एक तुकडा तोंडात घातला.
डोळे मिटले त्यांनी. बोट चाटलं.
तूप बरं आहे, म्हणाले.
आणखी देऊ?
भिंत.

गोडी शाबूत आहे म्हणजे.
तिच्याकडे जाणारी वाट तेवढी
मधेच खचलीय.

आणि मला आठवत राहिलं,
साडी वीतभर उरली की त्यांचे पाय
पावड्यांवर कसे धावायचे;
आई जेवायला बोलवायची, ताट निवायचं,
धोटा काही थांबायचा नाही.
आणि साडी उतरली की
तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.
घडी आम्ही घालायचो.
ते उभे, पुढच्या ताण्याची सुटी टोकं चाचपत.
तेव्हा वाटायचं, या माणसाला कौतुकच नाही कशाचं.

व्यायाम शिकवणारा येळ्ळूरचा रवळू म्हणाला,
फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवा, ताई,
पाय रस्ता विसरतो, पण रेघ ओलांडतो.
चिकटपट्टी होती घरात.
तरी मी मागावर गेले.
वर्षभर अडकलेल्या अर्ध्या साडीचा लाल काठ
कात्रीने कापताना हात जड झाला,
तरी कापला.
वितीवितीवर सात तुकडे,
खुर्चीपासून मागाकडे.

दादा उभे राहिले.
कोऱ्या फरशीला खिळलेलं पाऊल
पहिल्या लालाजवळ थरथरलं,
उचललं,
पलीकडे टेकलं.
दुसरा. तिसरा.
चौथ्यावर खाली वाकून बघितलं:
हा आपला काठ.
बोलले नाहीत काही.
सातवा.

पुढे नुसती फरशी.
मागाचा खांब हातभर लांब,
आणि पाय पुन्हा जमिनीचा झालेला.
मी धरायला गेले.
साडेनऊची गोळी दहाला चढते,
ती चढली होती की आणखी काही, मला सांगता येणार नाही.
खाली बघत, कुणालाच उद्देशून नाही असं
ते म्हणाले,
अजून एक बेकु.

काय अजून एक?
पट्टी? मांडा? साडी?
मी विचारलं नाही.
कात्री कुठे ठेवली होती
ते शोधायला लागले.