उसनं माहेर, भाग सातशे बारा

शर्वाणीचा हात कडीवर होता
आणि बाहेरून कुणीतरी तीनदा थाप मारली.
तिथंच थांबलं सगळं.
दुसऱ्या दिवशी साडेआठला भाग पहिला लागला:
शर्वाणीच्या गळ्यात मंगळसूत्र नाही,
सासरा जिवंत, सुपारी कातरत बसलेला.

वाळपईच्या काजू कारखान्यात
बायका राख चोळलेल्या हातांनी गर सोलत होत्या.
बातमी शेवंती गावसनं आणली.
"लिहिणाऱ्यांनी संप केलाय गो.
भागामागं पैसे वाढवा म्हणतात."

"बसूनच लिहितात ना? पंख्याखाली?"
प्रेमावतीनं एक बी नेमकी मधोमध फोडली.
"त्यांच्या बोटांची सालं जातात काय?"

"आणि लेखक हवाच कशाला?
आमच्या काल्यात कोण लिहितो?
घरवाला माझा बावीस वर्षं राक्षस होतो,
एक कागद बघितला नाही त्यानं."

"म्हणून तर बावीस वर्षं तेच बोलतो,"
एस्पेरांस कोपऱ्यातून म्हणाली,
आणि हसता हसता तिचीच परात कलंडली.

मग लागलं खरं भांडण.
दाराबाहेर कोण?
शेवंती म्हणे पहिला नवरा, कुवेतहून.
प्रेमावती म्हणे आई, जी मेली म्हणून सांगितली ती.
कुणी म्हणे पोलीस, कुणी म्हणे जुळी बहीण.
एस्पेरांस म्हणे वीज खात्याचा माणूस,
एवढे दिवे जाळतात त्या घरात, बिल कोण भरतं?
जेवणाच्या सुट्टीपर्यंत
पाच माणसं उभी होती त्या दाराबाहेर
आणि आत घ्यायला कुणी नाही.

रुक्मा तेवढी गप्प.
तिच्या नवऱ्याचा ट्रक खाण बंद पडली तेव्हापासून
फणसाखाली उभा आहे,
केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
"बंद," ती शेवटी म्हणाली,
"आम्हाला दुसऱ्यांनी केलं.
ह्यांनी आपणहून केलंय.
बघूया तरी, कितपत टिकतात."
म्हणाली, आणि पुढची बी उचलली.

मी काट्यावर बसतो.
बहिणीकडे रोज साडेआठला मीही बघतो,
पण हे बायकांना सांगितलेलं नाही.
"तू पण लिहिणाराच की रे, भालू,"
शेवंतीनं मला गाठलंच.
"तू कधी करणार संप?"
सगळ्या हसल्या. मी पण.

माझं लिखाण हे असं:
आधी नाव, पुढे अख्खा गर, पुढे पाकळी, पुढे किलो.
अर्ध्याच्या वरचं सोडून द्यायचं,
हे शेठनं पहिल्याच दिवशी शिकवलं.
पावणेआठ म्हणजे साडेसात.
सहा वर्षं माझं अक्षर सुरेख आहे.

संध्याकाळी रुक्माची परात ठेवली.
लाल आकडे थोडे थरथरले, थांबले.
सात सातशे ऐंशी.
मागं रांगेत अजून चाललंच होतं,
नवरा की आई, आई की नवरा,
आणि रुक्मा माझ्याकडे नाही,
पेनाकडे बघत होती.
सहा वर्षं ती पेनाकडेच बघत असणार,
मला आत्ता दिसलं.

लिहिलं: सात, सातशे ऐंशी.
सातशेचा आकडा लिहायची सवय नाही हाताला,
थोडा वाकडाच आला.

शेठनं काचेवर अंगठी वाजवली. दोनदा.
"हे काय?"
"वजन," मी म्हणालो.
पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं.
रांग गप्प झाली होती.
प्रेमावतीनं आपली परात पुढे सरकवली,
सहा नऊशे चाळीस.

त्या रात्री भाग चौथा लागला.
त्यात सासरा घर बांधायला काढतो.
पाया खणून झालाय,
आणि दार अजून सुताराकडे आहे.