हाताचं माप

फॉर्मवर लिहिलं होतं: कामाचे आठवडे तीन.
खाली रकाने. वेळेवर येते का,
जनावराला भिते का, सांगितलेलं ऐकते का.
तळाशी शेतकऱ्याची सही.

डोरीन अल्डरसनने तो न वाचताच
फ्रीजवर चिकटवला, जंतांच्या औषधाच्या तारखांशेजारी,
आणि माझे हात मागितले.
उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले,
मंडईत भेंडी बघावी तसे.
"चालतील," म्हणाली.
नाव नंतर विचारलं.

तिचे स्वतःचे आता वळत नाहीत.
चव्वेचाळीस एप्रिल त्यांनी मेंढ्यांमधून ओढून काढले;
आता बोटं आल्याच्या कांड्यांसारखी,
कपही दोन्ही तळव्यांत धरून पिते.
रेव्हनस्टनडेलच्या वरच्या अंगाला शेवटचं घर हे.
याच्या पुढे रस्ता नाही, नुसत्या दगडी भिंती
आणि भिंतींना टेकून वारा चुकवणारी मेंढरं.

सहा दिवस पेंढा, बादल्या, चिकाची पावडर,
कोकरांच्या नाळेला आयोडीन.
आई फोनवर म्हणाली, बोटं बघू,
हळद लागली की काय तुला परस्पर?
मी हसले. हाताचा वास मात्र तिला सांगितला नाही.

सातव्या रात्री, दोन वाजून गेल्यावर,
शेडच्या कोपऱ्यात एक अडली.
डॉक्टर पस्तीस मैलांवर,
त्याचं बिल त्याहून लांबचं.
डोरीनने टॉर्च धरला. "जा."

पुस्तकात आकृती होती, आकृतीत बाण होते.
इथे ऊब, काळोख,
आणि माझा हात उंबऱ्यातच अडलेला.

तेव्हा हमीदाबी आठवली.
फलटणच्या बाजारातलं तिचं बाकडं,
मी आठेक वर्षांची, हट्टाने लहान मापाची बांगडी मागणारी.
"मूठ नको गं करू. अंगठा आत घे.
हाडं सैल सोड.
हात तुझा नाहीच, असं समज."

अंगठा आत घेतला.
हात माझा नाहीच, असं समजले.
गेला.

आत तीन पाय आणि एक डोकं,
कुठला पाय कुणाचा ते विचारायचं कुणाला?
डोळे मिटले. खुरापासून निघाले:
सांधा, गुडघा, खांदा,
खांद्यावरून मानेकडे. हा याचा.
हा नाही, हा मागच्याचा.
मागे हो राजा, जरा थांब, तुझा नंबर येतोय.
हे मी मराठीत बोलत होते
ते डोरीनने नंतर सांगितलं.
कळ आली की माझी बोटं हाडांमध्ये चेंगरायची,
मी थांबायची. ओसरली की पुढे.

पहिलं आलं ते पिवळं, लांबोडकं,
पिळायचा राहिलेला लोकरी मोजा.
नाकात काडी फिरवली, शिंकलं.

दुसरंही आलं.
पाय धरून झुलवलं, पेंढ्याने चोळलं,
तोंडाला तोंड लावून फुंकलं.
"पुरे, पोरी."
मी चोळत राहिले. पुन्हा म्हणाली, पुरे.
मी चोळत राहिले.
मग तिनेच टॉर्च विझवला.

अंधारात मेंढीची जीभ ऐकू येत होती,
जिवंताला चाटणारी,
मध्येच थांबून
पेंढ्यात हुंगून काहीतरी शोधणारी.

सकाळी मनगटाभोवती निळा वळ होता,
बरोबर बांगडीच्या जागी.
चार दिवसांनी हिरवा झाला, मग पिवळा.

शेवटच्या दिवशी डोरीनने फॉर्म उतरवला.
पेन मुठीत धरलं, लाटणं धरावं तसं,
आणि एकेका रकान्याला बराच वेळ घेतला.
वेळेवर येते: हो.
जनावराला भिते: नाही.
सांगितलेलं ऐकते: नाही.

तिसऱ्या उत्तराकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं.
खोडलं नाही.
खाली सही केली, वाकडी,
आणि बाटल्या गरम करायला निघून गेली.