वजा उंची

खिडकीला तीनच गोष्टी कळतात:
बटण दाबलं,
माउस हलला,
बटण सुटलं.
हात कुणाचा, किती वर्षांचा,
सकाळी त्याने काय उचललं होतं,
हे तिच्यापर्यंत पोचत नाही.

पीकू बेटावर, नगरपालिकेच्या मागच्या खोलीत
मी द्राक्षमळ्यांचे नकाशे काढायचा प्रोग्रॅम लिहिते.
इथे मळा म्हणजे खोलीएवढा चौकोन,
भोवती काळ्या लाव्हाच्या दगडांची कमरेएवढी भिंत,
आत सहा-सात वेली, भुईला टेकलेल्या,
वारा वरच्यावर निघून जावा म्हणून.
असे हजारो. विमानातून वाटतं,
कुणी बेटावर जाळं वाळत घातलंय.

काम तसं सोपं.
दाबलं तो एक कोपरा.
हललं की चौकोन ताणायचा,
जुना पुसायचा, नवा काढायचा,
सेकंदाला साठ वेळा
आत्ताच केलेलं विसरायचं.
सुटलं की नोंद.

बेलार्मीनु आला. चाळीस वर्षं जमीन मोजून निवृत्त,
तरी बोलावून घेतलेला,
कारण कुठली भिंत कुणाची
हे कागदांपेक्षा त्याला जास्त ठाऊक.
त्याने चौकोन ओढला. सोडला. गायब.
पुन्हा ओढला. गायब.
‘तुझं यंत्र जमीन खातं,’ तो म्हणाला.
मी ओढला, दिसला.
त्याने ओढला, गायब.
मी म्हटलं, जरा सावकाश ओढा.
(म्हाताऱ्यांना आणि परक्यांना आपण हेच सांगतो,
चूक आपली असते तेव्हा.)

तासाभराने मी पडदा सोडून त्याच्या हाताकडे बघितलं.
तो खालून सुरू करत होता.
‘समुद्राकडून डोंगराकडे,’ तो म्हणाला,
जणू ही विचारायची गोष्टच नव्हे.
‘माणसं होडीतून उतरली, भिंती तिथून वर चढल्या.
वरून खाली कोण मोजतं? ढग.’

पडद्यावर शून्य वर असतं,
आकडे उतरता उतरता वाढतात.
त्याचा चौकोन: रुंदी चाळीस, उंची वजा साठ.
आणि उंची वजा असेल तर काही रंगवायचं नाही
असं खालच्या थरात कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं,
शहरात बसून, बहुतेक सपाट शहरात.

दोन ओळींत मिटलं.
दोन्हींतला लहान आकडा तो आरंभ,
फरकाचं चिन्ह पुसून टाकायचं.

दुपारी तो पाण्यालगतच्या ओळीवर आला.
शेवटचा मळा नकाशाच्या काठावर,
ओढता ओढता हात खिडकीबाहेर गेला
आणि त्याने बोट उचललं, बाहेरच.
खिडकीला पत्ता नाही.
तो परतला तर चौकोन अजून चिकटलेला,
हात जाईल तिकडे ताणत येणारा.
‘मी तर सोडलंय.’
‘हिला कळलं नाही,’ मी म्हटलं. ‘बाहेर सुटलं की कळत नाही.’

याला उपाय आहे: दाबल्या क्षणी माउस धरून ठेवायचा,
मग तो कुठेही जाऊ दे, सुटल्याची खबर
पहिल्या खिडकीलाच येते.
तो ऐकत होता, चीजचा तुकडा कापत,
चाकू अंगठ्याकडे ओढून, इथले सगळे कापतात तसा.

‘मालक?’ मी विचारलं. रकाना भरायचा होता.
‘व्हितोरीनु. माझा थोरला.
कॅनडात आहे. सव्वीस वर्षं.’
‘ठेवणार की विकणार?’
त्याने पावाचे कण टेबलावरून तळहातात गोळा केले,
कुठे टाकावे कळेना म्हणून तसेच धरून बसला.
‘तू ते धरून ठेवायचं लिही आधी,’ म्हणाला.
रकाना रिकामा राहिला.

साडेचारला तो गेला.
एकशे बारा चौकोन, सगळे खालून वर.
दिवा घालवण्याआधी
त्या चिन्ह पुसणाऱ्या ओळीच्या डोक्यावर
मी एक टीप लिहिली, माझ्यानंतर जो कुणी हे उघडेल त्याला:
काढू नका. काही लोक समुद्राकडून येतात.