सातवं कडवं

फिडल खाली ठेवल्या सगळ्यांनी,
बारमागच्या नोरीननं गुरगुरणारा फ्रिजसुद्धा बंद केला,
कारण डेलिया गाणार होती.

ती उभी राहत नाही. डोळे मिटते,
जरा भिंतीकडे वळते,
मग शेजारचा फेस्टी तिचा हात हातात घेतो
आणि सावकाश गोल फिरवू लागतो,
विहिरीवरचा रहाट ओढावा तसा.
गाणं खोल असतं, एकट्यानं वर येत नाही.

बुडालेल्या होडीचं गाणं. एकवीस कडवी.
साथ नाही, ठेका नाही,
कोनेमाराच्या कातळावर शेवाळ चढावं
तसा शब्दाशब्दावर चढणारा आवाज.

सातव्याला ती अडली.
हात फिरत राहिला. रिकामा.
कुणी खोकलं नाही.

तेव्हा दारापाशी, ओल्या कोटात,
पीटच्या एका पट्ट्यावरून
अकरा वर्षं अबोला धरलेल्या कोलमननं
ओळ दिली.
गाऊन नाही; उसने पैसे परत करावेत तशी,
खाली बघत.

डेलियानं घेतली. पण
एक शब्द बदलूनच गायली,
तिच्या आईकडे तो तसा होता.

आमच्यात शेवटची ओळ गात नाहीत,
साध्या आवाजात बोलून टाकतात,
'येते' म्हणून उंबरा ओलांडावा तशी.
ती बोलली. कुणीतरी म्हणालं, 'शाब्बास, पोरी!'
ऐंशीच्या बाईला.

कोलमन तोवर निघून गेला होता.
अर्धा ग्लास काउंटरवर,
आणि फेस्टी विसरला होता
हात सोडायला.