अकरा भागिले बारा

ब्रेमेनहून गॅल्व्हेस्टन, अठराशे एक्याण्णव.
ऑक्टोबरपासून मी ह्रुश्का शोधतेय
आणि पडदा दर वेळी विचारतो,
तुम्हाला हॅरिस म्हणायचंय का?

नाही म्हणायचं मला हॅरिस.
ह्रुश्का म्हणजे नासपती.
टेक्सासच्या उन्हात आमच्या दारची एकही जगली नाही,
ते वेगळं.

आल्विन म्हणाला, आडनाव सोड, गाव धर.
गावच नव्हतं. पहिल्या ओळीत ऑस्ट्रिया
आणि खाली पानभर
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

शेवटी नुसत्या नावांवर सापडले,
क्रुस्का होऊन.
कुणीतरी ह चा क केला होता.
रोझाली पुरुष झाली होती,
चौतिशीतला सिरिल चौऱ्याऐंशीचा.
रात्री पावणेदोनला मी एकटीच हसले.

त्यांच्याखाली तिसरं नाव:
अनेश्का, वय अकरा.

आमच्यात अनेश्का कुणी नाही.
बायबलच्या पहिल्या पानावर नाही, दफनभूमीत नाही,
आत्यांच्या भांडणांतसुद्धा नाही.
आणि लग्नाला दोन वर्षं झालेल्यांना
अकराची मुलगी कुठून?

मूळ पान उघडलं. मोठं केलं,
आणखी मोठं, शाई फुटेपर्यंत.
अकरा, मग तिरकी रेघ, मग बारा.
तान्ह्यांचं वय तसं लिहायचे,
वर्षाच्या बारा भागांतले किती.
नावावरूनही एक रेघ गेलेली, केसाएवढी;
नक्कल करणाऱ्याला ती कागदाची घडी वाटली असेल.
समासात तारीख.
त्या दिवशी किनारा अजून सहा दिवस लांब होता.

पणजी मला आठवते.
घरातल्या कुठल्याही बाळाला अकरावा महिना लागला
की पाळण्याशी खुर्ची ओढून बसायची,
रात्रीसुद्धा, महिना सरेपर्यंत.
दात येताहेत, म्हणायची.

पानाखाली चौकट आहे: चूक आढळल्यास सुधारा.
क चा ह केला.
रोझालीला बाई केलं.
सिरिलची पन्नास वर्षं उतरवली.

अकरा वर्षांची मुलगी
कठड्याला धरून उभी राहू शकते,
आपलं बोचकं आपण उचलते,
नाव विचारलं तर
ठणकावून सांगते, आडनावासकट.

ती ओळ मी तशीच ठेवली.
आल्विनला सांगितलेलं नाही अजून.
तो आयुष्यभर बँकेत होता,
त्याला असलं चालत नाही.