एक घर रिकामं

सदरच्या दुकानात काचेखाली तीन होती.
मी सगळ्यात लहान उचललं,
पर्समध्ये चष्म्याशेजारी मावेल असं,
आणि म्हटलं, हेच द्या, माझं मनगट कच्चं आहे.

म्हातारा दुकानदार हसला नाही.
"बाई, तिथंच तर सगळे फसतेत.
जेवढं हलकं, तेवढी लाथ जोरात.
वजन असलं की धक्का ते स्वतःच पिते,
तुमच्यापर्यंत उरलासुरला येते."
त्यानं मधलं काढलं. बत्तीसचं रिव्हॉल्व्हर,
बुटकं, लोखंडी, करंगळीलाही मुठीवर जागा.
मी तोललं. पाऊण किलो असेल.
ह्यांची तीन सेलची टॉर्च अशीच होती.

मी गोळीबार चौकातली.
माहेर सांगितलं की लोक हसतात, आता जास्तच.
त्या चौकात मी एकही गोळी ऐकली नाही,
ऐकला तो माग, धोट्याचं खटक-खटक,
आणि उजवं मनगट तेव्हाच, बाराव्या वर्षी,
लुगड्याच्या काठात विणून टाकलं.
मग काटोल रोडचा पेट्रोल पंप. मग ह्यांचं जाणं.
मग रोज रात्री दहाला गल्ल्याची पिशवी
आणि मागे ती मोटरसायकल, जिला नंबर नव्हता.

परवान्याला चौदा महिने लागले.
हवालदारानं शेजारी विचारलं, हेडाऊबाई तापट आहेत का?
शेजारी म्हणाले, नाही, फक्त भाव करतात.

उमाठे सर पोलिसातून निवृत्त, शस्त्रागारात तीस वर्षं.
रेंजवर पत्र्याखाली मे महिना,
कूलरला पाणी नाही, नुसती घरघर.
पहिले चार दिवस गोळीच नाही.
"बोट बाहेर. चापावर नाही, बाहेर.
नळी मातीकडे. रिकामं असलं तरी भरलेलंच समजा."
पाचव्या दिवशी सहा दिल्या.
आवाज कानावरून नाही, छातीतून आत आला.
मनगटाला? काही नाही. दुकानदार खरं बोलला होता.
पण कागद कोराच. सहाही खाली, मातीत.

सरांनी माझ्याकडे पाठ करून चकरी भरली.
"एक घर रिकामं ठेवलंय. कोणतं, ते नाही सांगत."

धाड.
धाड.
टक्.

धूर नाही, आवाज नाही, आणि माझा हात
कुणी ढकलल्यासारखा खाली.
डोळे मिटलेले. खांदे कानांशी.
"पाह्यलं?" सर म्हणाले, "ते नाही मारत तुम्हाले.
त्यानं मारायच्या आधीच तुम्ही मार खाऊन घेता."

त्यांना काय ठाऊक.
बावीस वर्षं फाटकाची कडी वाजली की
खांदे असेच कानांशी जायचे.
हात कधी उठायचा, कधी नाही उठायचा.
खांदे रोज.

मी म्हटलं, सर, पुन्हा भरा. दोन घरं रिकामी ठेवा.

घरचा अभ्यास असा: गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात.
चकरी तीनदा तपासायची.
नळीवर एक रुपया ठेवायचा, चाप ओढायचा,
नाणं पडता कामा नये.
पहिल्या आठवड्यात सोफ्याखाली नऊ रुपये जमले.

आणि जरा कुठे हात बसतोय तर आचारसंहिता लागली.
हत्यार ठाण्यात जमा. शिपायानं चिठ्ठी बांधली,
वहीत लिहिलं, "स्थिती: चांगली."
रिव्हॉल्व्हरची.

आता रात्री दहाला हात रिकामा राहवत नाही.
कपाटातून ह्यांची टॉर्च काढली,
सेल कधीचेच फुटून हिरवे झालेले.
दोन्ही हातांनी धरली, काचेच्या कडेवर नाणं ठेवलं.
तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.
गाय असेल. वारा असेल.

नाणं पडलं, खोटं कशाला सांगू.
घरंगळत फ्रिजखाली गेलं.
खांदे मात्र
होते तिथंच होते.